चित्रा जास्त तापलेली, मग स्वाती जास्त ठळक का?

मेधा_सातारा:
सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की आधी नारिंगी स्वाती, मग निळसर चित्रा. निळा तारा तांबूस ताऱ्यापेक्षा तापलेला असतो, हे वाचलंय. मग गच्चीवरून बघताना स्वातीच इतकी उठून का दिसते? चित्रा तर तिच्यापुढे फिकी वाटते.

ओतारी:
मी शिरोलीच्या फाउंड्रीत काम करतो, त्यामुळे रंगावरून ताप ओळखायची सवयच आहे. पायरोमीटर (ताप मोजायचं यंत्र) आहे हो, पण आधी नजर जाते. लालसर म्हणजे अजून वेळ आहे. पिवळट-पांढरं दिसलं की चौदाशे सेल्सिअसच्या घरात आलं, लेडल (ओतायचा मोठा डाव) आणा. पण सळईचं टोक पांढरंफक्क असलं तरी धग लागते ती पलीकडच्या लालभडक मोठ्या ओतीवाची. रंग ताप सांगतो, आकार नाही सांगत.

आता आकडे बघा. चित्रा सुमारे २५,००० केल्विन, स्वाती ४,३००. ताप दुप्पट झाला की तेवढ्याच पृष्ठभागातून सोळापट ऊर्जा निघते. त्या हिशोबाने चित्रेचा एक चौरस मीटर स्वातीच्या एका चौरस मीटरपेक्षा हजारपटीहून जास्त ऊर्जा फेकतो. स्वाती फुगलेली आहे, सूर्याच्या २५ पट व्यासाची. चित्रा साडेसात पट. (चित्रा म्हणजे चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी जोडी, मी थोरल्याचंच बोलतोय.) एवढं करूनही एकूण ऊर्जेत चित्राच शंभरपट वरचढ. पण ती २५० प्रकाशवर्षं लांब, स्वाती ३७ वर.

मेधा_सातारा:
अंतराचा वर्ग घेतला तर फरक ४५ पट येतो. शंभराला ४५ ने भागलं तरी चित्राच पुढे राहते की!

ओतारी:
बरोबर पकडलंत. उरलेला घोळ आपल्या डोळ्यांचा. २५,००० केल्विनला सगळ्यात जास्त प्रकाश ११६ नॅनोमीटर तरंगलांबीपाशी निघतो, म्हणजे पार अतिनील. तो आपल्याला दिसत नाही, शिवाय हवेतून खाली पोचतही नाही. डोळ्यांच्या वाट्याला चित्रेची थोडकी शिल्लकच येते. स्वातीचा जोर ६७० च्या आसपास, लाल टोकाला का होईना, पण दिसण्यातला.

गच्चीवाला:
म्हणजे निळा तारा दिसला की तो मुळात प्रचंड तेजस्वी, असं धरून चालायचं का?

ओतारी:
छे! व्याधाचा जोडीदार घ्या. तोही चित्रेइतकाच, २५,००० केल्विनच्या घरातला. पण आकार पृथ्वीएवढा. अवघ्या साडेआठ प्रकाशवर्षांवर असूनही १८६२ पर्यंत कुणाला दिसला नव्हता, आणि आजही चांगली दुर्बीण लागतेच.

मेधाताई, मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दोघी बऱ्याच वर असतात. द्विनेत्रीचा फोकस मुद्दाम जरा बिघडवून बघा. ठिपका पसरला की रंग जास्त कळतो.