ऑफिसात दोन अँटीव्हायरस, बिल कोणी उघडायचं?

ए-२०१ काकी: सोसायटीचं बिल उघडलं की लॅपटॉपवर लाल पट्टी येते, ‘धोका सापडला’. ऑफिसच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. कोणी बिल उघडू नका 🙏

बी-१०४: तरीच! कुणाचेही पेनड्राइव्ह लावतात तिथे.

खजिनदार: पेनड्राइव्हचा विषय सभेत संपलाय. ऑफिसात दोन-दोन अँटीव्हायरस आहेत. आणखी काय करायचं?

सी-३०३: काका, दुखणं तेच आहे. एकाने फाइल तपासायला घेतली की दुसराही त्याच फाइलवर तुटून पडतो, म्हणून कॉम्प्युटर रखडतो. एकाने क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागी) टाकलेलं दुसऱ्याला नवा व्हायरस वाटतं.

ए-१०३: दोन वॉचमन, दोघे एकमेकांनाच चोर समजून पकडतायत 😂

बी-१०४: वॉचमनवरून आठवलं, त्याला चवथीचे पैसे दिले का?

ए-२०१ काकी: बिल उघडू नका, प्लीज.

सी-३०३: काकी, बिलाच्या एक्सेलमध्ये थकबाकीचं व्याज काढायला मॅक्रो आहे, म्हणजे फाइलमध्येच बसवलेला छोटा प्रोग्राम. खरे व्हायरसही मॅक्रोतून येतात, म्हणून अँटीव्हायरस संशय घेतात. नावं-आकडे पुसून कोरा साचा मी व्हायरसटोटलवर तपासला, ती वेबसाइट एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून घेते. त्यातल्या बहुतेकांना काही सापडलं नाही. भरलेलं बिल मात्र कोणी तिथे टाकू नका, फाइल बाहेरच्यांच्या हाती जाऊ शकते.

बी-१०४: नावाजलेले अँटीव्हायरस चुकतात होय?

सी-३०३: एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची फाइल व्हायरस ठरवली, कॉम्प्युटर सारखे रीस्टार्ट होत राहिले. २०१२ मध्ये सोफोसने तर आपलाच अपडेटर पकडला.

बी-१०२: ओपा प्रकल्पाचं पाणी आज येणार का? टाकीत थेंब नाही.

सेक्रेटरी: संध्याकाळी येईल. विषय सोडू नका.

ए-२०१ काकी: तोवर बिल उघडू नका.

सी-३०३: दोघांपैकी एक काढावाच लागेल. नुसता बंद करून भागत नाही. कंपनीचं काढायचं टूल चालवून रीस्टार्ट करायचं. विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, डिफेंडरला, हात नको, दुसरा अँटीव्हायरस असला की तो आपोआप मागे सरतो. क्वारंटाइनमधलं काही डिलीट करू नका, हिशेबाच्या फाइली तिथेच अडकल्या असतील.

खजिनदार: नव्याचे पैसे मोजलेत. तो निघणार नाही.

सी-३०३: मग जुना काढू. आठ वाजता ऑफिसची चावी द्या.

सेक्रेटरी: उद्या बिलं पीडीएफमध्ये पाठवतो. भरायची तारीख तीच.

बी-१०४: तारीख तीच? घोळ ऑफिसचा, दंड आम्ही भरायचा? मी भरणार नाही.