आईच्या फोनमधले ४,१०० फोटो: ठेवावेत की उडवावेत?

दारावरची_कडी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आईच्या फोनने मान टाकली. 'स्टोरेज फुल'. सुप्रभातवाले गुलाब आणि उगवते सूर्य आधीच उडवले होते, तरी जागा होईना. मग कॅमेऱ्याचा फोल्डर उघडून बसलो. ४,१०० च्या वर फोटो.

आई हौशी फोटोग्राफर वगैरे अजिबात नाही. तिचे फोटो असे: घराचं कुलूप. पुन्हा कुलूप. तेच नवताल, तोच कोयंडा, कधी दिवसाउजेडी, कधी जिन्यातल्या पिवळ्या बल्बखाली, निम्म्या फोटोंत कोपऱ्यात तिचा अंगठा. विजेच्या मीटरचे आकडे. रक्तदाबाच्या गोळ्यांची संपत आलेली पट्टी. कालनिर्णयचं पान, दुधाच्या खाड्यांच्या फुल्यांसकट. गच्चीत जुन्या साडीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या आणि कठड्यावरून त्यांच्याकडे बघणारा एक कावळा. पेपर छातीवर पसरून झोपलेले बाबा.

माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. कासला तीनदा जाऊन आलोय, भिगवणचे फ्लेमिंगो आहेत. पण तेच फोटो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वीस जणांकडेही आहेत आणि त्यातल्या पाचांचे माझ्याहून बरे. आईचा कावळा दुसऱ्या कोणाकडेच नाही. मला तर वाटायला लागलंय की फोटोग्राफी आईची, आम्ही करतो ती सहल. तुम्हाला काय वाटतं?

निगेटिव्ह_पस्तीस

आईचं सगळंच छान असतं, त्यावर वाद नाही. पण म्हणून कुलपाच्या फोटोला फोटोग्राफी म्हणायचं? मग वाण्याची यादीही ललित लेखन.

मी रोलवर शिकलो. ३६ फोटो, नीट भरला तर ३७वा फुकट. बटण दाबण्याआधी धुलाईचा खर्च आठवायचा, त्यामुळे आधी डोळा बघायचा आणि बोट मागून यायचं. आता बोट पुढे, डोळा घरी. त्या ४,१०० मधला मुद्दाम काढलेला एक फोटो दाखवा. कावळा म्हणाल, तर तो तुम्ही हुडकलात. आईंना पापड्या वाळल्या का एवढंच बघायचं असणार. ढिगातून निवडतो तो फोटोग्राफर. म्हणजे इथे तुम्हीच.

दुपारची_झोप

वाण्याची पन्नास वर्षांपूर्वीची यादी हाती लागली तर मी ललित लेखन बाजूला ठेवून आधी ती वाचेन. त्यात रॉकेल असेल.

पाऊणवाटी

झोप यांना +१. निगेटिव्हराव, 'आता कोणीही उठतो आणि फोटो काढतो' ही तक्रार तुमच्या आजोबांच्याही आधीची आहे. कोडॅकने १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला, तेव्हाही जाणकारांनी नाकं मुरडली होतीच.

आणि मोबाईलवरून पाठवलेला पहिला फोटो म्हणून जो सांगितला जातो, तो कसला होता? ११ जून १९९७, कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ (आपलं नव्हे). फिलिप कान नावाचे गृहस्थ प्रसूतिगृहात बसून डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल एकमेकांना जोडत होते. मुलगी झाल्यावर तिचा फोटो त्यांनी तिथूनच दोन हजारांहून जास्त लोकांना पाठवला. सूर्यास्त नाही, ताजमहाल नाही, गुंडाळलेलं बाळ. हे यंत्र जन्मलंच घरगुती कामासाठी. फ्लेमिंगो नंतर आले.

बाकी 'मुद्दाम' म्हणाल तर कुलपाच्या फोटोइतका मुद्दाम काढलेला फोटो नसेल. प्रत्येक वेळी दारासमोर थांबून, पिशवी खाली ठेवून काढलाय तो.

सर्किट_बोर्ड

तुम्ही सगळे 'काढला, काढला' म्हणताय. काढला कोणी? कॅमेरा ॲप उघडलं की बहुतेक फोन आतल्या आत सतत फ्रेमा गोळा करत असतो. तुमचं बोट टेकेपर्यंत त्याच्या हातात अनेक फ्रेमा असतात, त्यातल्या काही तो एकमेकांवर बसवतो, अंधार उपसतो, चेहरा उजळतो आणि मग तुम्हाला दाखवतो. जिन्यातला पिवळा बल्ब आईंच्या डोळ्यांना जेवढा पिवळा दिसला तेवढा फोटोत असेलच, याची खात्री नाही.

२०२३ साली एकाने गंमत केली होती. चंद्राचा फोटो घेतला, जाणूनबुजून लहान आणि पुसट केला, संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि एका महागड्या फोनने लांबून त्या पडद्याचा फोटो काढला. फोटोत खड्डे आले! मूळ चित्रात नव्हतेच ते. फोनला ठाऊक होतं की चंद्राला खड्डे असतात, त्याने घातले. तेव्हा 'तो क्षण टिपला' वगैरे जरा जपून.

पाऊणवाटी

कुलपाला खड्डे नाही ना घातले? मग झालं. (हलकेच घ्या.)

शेवटचा_डबा

वाचनमात्र असते मी, पण आज लिहिते, कारण मी कॅमेऱ्याच्या पलीकडची आहे.

चार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये मी गवार मोडत बसले होते. मांडीवर ओढणी, त्यावर गवार, शिरा खिडकीकडच्या पिशवीत. चप्पल काढून पाय समोरच्या बाकाखाली पसरलेले. कोणीतरी फोटो काढला. मला कळलंही नाही. आठवड्याने तो आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर फिरत फिरत आला. खाली ओळ होती: 'मुंबईची नारीशक्ती, हिला सलाम'. दोनशे अंगठे, हात जोडलेले, डोळ्यांतून बदाम. घरी जावेने विचारलं, "गाडीत भाजी निवडायची वेळ येते तुमच्यावर?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. मी शक्तीबिक्ती नव्हते हो. मला घरी पोचल्यावर वीस मिनिटं आडवं व्हायचं होतं, म्हणून तेवढं काम उरकत होते.

फोटो सुंदर होता, तेही सांगते. बाहेरून उजेड छान आला होता. पण तेव्हापासून मी लोकलमध्ये भाजी निवडत नाही. 'रोजचे साधेसुधे क्षण' टिपणाऱ्यांना एकच सांगणं आहे: तो क्षण कोणाच्या तरी मालकीचा असतो. कडी, तुमच्या झोपलेल्या बाबांना विचारलंत?

निगेटिव्ह_पस्तीस

ताई, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः लक्ष्मी रोडवर आणि वारीत दिवेघाटात असे शेकडो फोटो काढलेत. विचारून काढला की माणूस ताठ होतो, केस सारखे करतो आणि फोटो मरतो, असं आम्ही मानत आलो. तुमची गवार मात्र डोक्यातून जाणार नाही.

दारावरची_कडी

@शेवटचा_डबा, खरं सांगतो, विचारलं नव्हतं. उलट धागा काढायच्या आदल्या दिवशी तो घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी अंगठा दिला म्हणून मी खूश. तुमचा प्रतिसाद वाचून फोन केला, तर म्हणाले, "तोंड उघडं आहे रे त्यात." काढून टाकला. पण माझं म्हणणं घरातल्या घरात राहणाऱ्या फोटोंबद्दल होतं. जगाला दाखवायच्या फोटोंचा वाद वेगळा आहे.

शेवटचा_डबा

माझाही आधी कोणाच्या तरी घरच्याच ग्रुपवर असेल.

आठवणींचा_डबा

(वरच्या डब्याशी नातं नाही.) मी ठेवा म्हणणाऱ्यांच्या विरोधात. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठात लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तूच कमी आठवत होत्या. डोकं म्हणतं, फोनने ठेवलंय, मी कशाला ठेवू? आईंना कुलपाचा फोटो लागतो तो याचमुळे तर नसेल? फोटो बंद करा, कुलूप आठवायला लागेल.

पाऊणवाटी

अर्धाच प्रयोग सांगितलात. त्याच प्रयोगात ज्यांनी जवळ जाऊन वस्तूचा एखादाच भाग टिपला, त्यांची आठवण घटली नव्हती. पापड्या आणि कावळा जवळून काढलाय की लांबून, यावर सगळं अवलंबून.

आणि कुलूप आठवत नाही ते वयामुळे. मला बेचाळिसाव्या वर्षी गॅस बंद केल्याचं आठवत नाही.

निगेटिव्ह_पस्तीस

एक कबुली देऊन थांबतो. काल या धाग्यापायी माळ्यावरचे अल्बम काढले. ठरवून काढलेले फोटो बघून मला काही म्हणता काही झालं नाही. हरिश्चंद्रगड, कोकणकडा, काळे-पांढरे ढग, स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक.

पण रोल संपवायचे फोटो! विसरलोच होतो. धुवायला द्यायची घाई असायची आणि दोन-तीन फोटो शिल्लक असायचे, मग घरात जे समोर दिसेल त्यावर उडवायचे. त्यांत आमचा टीव्ही आहे, त्यावर क्रोशाचं विणलेलं आच्छादन आणि आच्छादनावर प्लास्टिकचा ससा. ओट्यावर पितळी डबे. मोरीच्या दारात ओला पाय पुसणारी बहीण, वैतागलेली. तो टीव्ही विकून तीस वर्षं झाली. बहिणीला तो फोटो पाठवला, ती म्हणाली, "हा ससा मी शोधत होते."

तरीही मत बदललेलं नाही. ते तीन फोटो आहेत म्हणून मी थांबलो. ४,१०० असते तर ससा दिसलाच नसता. कडी, निवडा आणि बाकीचे उडवा.

दारावरची_कडी

मंडळी, शेवटी आईलाच विचारलं, काय ठेवू? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "कुलपाचे सगळे काढ. मीटरचे काढ. दुधाचे ठेव, महिना संपला नाहीये."

म्हटलं, कुलूप लावल्याचं विसरतेस म्हणून काढतेस ना? तर म्हणे, "मी कशाला विसरेन? रिक्षात बसलं की तुझे बाबा विचारतात, लावलंस का. नुसतं सांगून पटत नाही. मग दाखवते."

निगेटिव्ह_पस्तीस

म्हणजे नोंदच! पहिल्या प्रतिसादात हेच म्हटलं होतं.

शेवटचा_डबा

आणि झोपलेल्या बाबांचा कशाला काढला होता?

दारावरची_कडी

तेही विचारलं. "दुपारी मी झोपतच नाही, असं सगळ्यांना सांगत फिरतात," म्हणाली.