बिलातलं उणे आणि ब्रह्मगुप्त

पाटील काकू (बी-३०२): खजिनदार, माझ्या मेंटेनन्सच्या बिलात खाली 'उणे १,२५०' छापलंय. मी कधी पैसे थकवलेत? वीस वर्षांत एकदा तरी? इथेच, सगळ्यांदेखत खुलासा करा.

सेक्रेटरी: काकू, ते बाहेर गेलेत, आल्यावर बघतील. बाकीच्यांसाठी : टाकी सफाई आज ११ ते २. पाणी भरून ठेवा. नंतर फोन करू नका.

देशपांडे काका (ए-१०१): [फॉरवर्ड] शून्याचा शोध आर्यभटाने लावला!! शून्य नसते तर ना मोबाईल असता, ना रॉकेट. नासानेही मान्य केले आहे. अभिमान असेल तर पुढे पाठवा.

ओंकार (सी-५०४): मग रावणाची दहा तोंडं आणि शंभर कौरव आधी मोजले कसे, काका?

मुग्धा (बी-२०१): ओंकार, जोक फार जुना आहे, पण उत्तर तू बघून आलायस. गेल्या महिन्यात नाणेघाटाला गेलेलास ना? गुहेतल्या भिंतीवरचा लेख पाहिलास?

ओंकार: पाहिला, पण वाचता कुठे येतोय. मी आपला बाहेरच्या जकातीच्या रांजणासोबत सेल्फी काढला.

मुग्धा: धन्य. त्या ब्राह्मी लेखात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या यज्ञांचा हिशोब आहे. दक्षिणा म्हणून गाई किती दिल्या, घोडे किती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी किती. एक आकडा चक्क २४,४०० आहे. लेख दोनेक हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्यात शून्य एकही नाही. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. म्हणजे मोजता येत होतं, लिहिताही येत होतं. पण त्या खुणा एकाखाली एक मांडून बेरीज करून बघ. हातचा कुठे ठेवशील?

देशपांडे काका: म्हणजे आर्यभटाचं काहीच नाही म्हणायचं? आपल्याच लोकांना आपलं कमी दाखवायची भारी हौस.

मुग्धा: काका, उलट! इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो लिहितो, 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्'. एक घर डावीकडे सरकलं की दहापट. आपले एकं, दहं, शतं तेच. फक्त शून्याची खूण त्याच्या ग्रंथात नाही, तो आकडे अक्षरांनी लिहायचा. आणि परिघाचं गणित? व्यास २०,००० तर परीघ ६२,८३२, म्हणजे ३.१४१६. वर स्वतःच म्हणतो, हे 'आसन्न' आहे, जवळपासचं. मला त्या आकड्यापेक्षा हा शब्द आवडतो. बरोबर उत्तराच्या इतक्या जवळ जाऊन 'जवळपास' म्हणणारा माणूस!

आजी (ए-२०३): आमच्या शाळेत गुरुजी शून्याला पूज्य म्हणायचे. एकावर पूज्य दहा. नातवाला सांगितलं तर हसतो.

ओंकार: म्हणून 'गणिताच्या नावाने पूज्य' म्हणतात होय! मला वाटायचं देवाचं काहीतरी आहे.

देशपांडे काका: बरं, मग शून्य कुणाचं ते तरी सांग.

मुग्धा: रिकाम्या घराची खूण बाबिलोनकडेही होती, तिकडे माया लोकांचंही शून्य होतं. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात ८७६ चा लेख आहे. देवाच्या बागेची लांबी २७० हात, रोजचे ५० हार. त्यातली शून्यं आजही ओळखू येतात. पण मला विचाराल तर खरा मानकरी ब्रह्मगुप्त. राजस्थानातल्या भिनमाळचा. ६२८ साली त्याने शून्य नुसतं घरात बसवलं नाही, त्याला बेरीज-वजाबाकीला लावलं. आणि भाषा कुठली वापरली? आपल्या बिलाची. धन आणि ऋण. सारखंच धन आणि सारखंच ऋण मिळून शून्य. शून्यातून धन वजा केलं की ऋण, ऋण वजा केलं की धन. दोन ऋणांचा गुणाकार धन.

डॉक्टर (सी-१०२): चुकलाही की तो. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं लिहून बसला.

मुग्धा: बसला खरा. पुढे १२ व्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला 'खहर' म्हटलं, अनंत. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. १२०७ चा तो शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. ओंकार, पुढचा ट्रेक तिकडे कर.

खजिनदार: आलो. काकू, ते थकबाकीचं उणे नाही हो. तुम्ही एप्रिलमध्ये १,२५० जास्त भरलेत. सोसायटीचं तुमच्याकडून येणं शून्य होतं, त्यातून तुमचे जास्तीचे गेले.

मुग्धा: शून्यातून धन वजा केलं की ऋण. काकू, ते ऋण सोसायटीच्या येण्याचं आहे, तुमच्या दृष्टीने जमाच.

पाटील काकू: मग 'जमा' लिहायला काय होतं? माणूस घाबरतं. कधी परत देणार?

खजिनदार: पुढच्या बिलातून वजा करतो.

पाटील काकू: परत वजा? मुग्धा, हे बरोबर आहे का गं?

मुग्धा: बरोबर आहे काकू. बिल ३,००० आलं तर तुम्ही १,७५० च भरायचे.

पाटील काकू: बरं. देशपांडे, तो मेसेज नीट करून टाका, मला माहेरच्या ग्रुपवर पाठवायचाय.

देशपांडे काका: लिहितोय. नासाचं वाक्य ठेवू का?

ओंकार: काढा काका.

सेक्रेटरी: टाकी झाली. पाणी सोडतोय.