मदत हवी आहे : बांबोळीजवळ राहायची सोय

नमस्कार मंडळी. माझ्या भावजयीची प्रसूती एकतिसाव्या आठवड्यातच झाली. बाळ बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे, प्रकृती स्थिर आहे. चोखून गिळणं साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमायला लागतं, तोवर आईचं दूध नळीनेच. म्हणजे तिने दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, शिवाय कांगारू पद्धतीने बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं. काणकोणहून रोज ये-जा करून हे कसं व्हायचं?

बांबोळी, सांताक्रूझ किंवा गोवा वेल्हा भागात महिनाभरासाठी साधी खोली मिळेल का? स्वयंपाकाची मुभा असली तर उत्तम. भाऊही आळीपाळीने बाळाला छातीशी धरणार आहे, त्यामुळे दोघांची सोय हवी.

आणखी एक. ज्यांची बाळं अशीच लवकर आली, त्यांच्यापैकी कुणी वहिनीशी फोनवर बोलेल का? घरी येणारा प्रत्येक जण 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' हेच ऐकवतो. काय म्हणावं अशांना! घरी सोडल्यावर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लसी, वजन हे सगळं तुम्ही कसं सांभाळलंत, तेही सांगा. कृपया मेसेज करा.