अनुभव धागा: 'घ' की 'ध'? वाचताना अडलेलं बालपण

तापीकाठ:
काल भाचीची मराठीची वही चाळत होतो. 'घर'च्या जागी 'धर', 'भात'च्या जागी 'मात', शेजारी लाल शेरा : 'लक्ष नाही'. पोटात खड्डाच पडला. चौथीत माझी वही अशीच असायची. सावद्याला शिकलो. धड्याचं वाचन सुरू झालं की माझी पाळी कितवी ते मोजायचो आणि तेवढा परिच्छेद शेजारच्या पोराकडून ऐकून पाठ करायचो. गुरुजींनी मध्येच कुणाला थांबवलं की हिशोब चुकायचा. मग छडी. केळीचा घड मात्र नुसता उचलून वजन सांगायचो. वाचनाच्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात हे 32व्या वर्षी कळलं. तुमचंही लिहा, ताईला दाखवायचंय.

अमळनेरची_लेक:
मन्हं बी तेच व्हतं भाऊ. आमच्या घरात अहिराणी. बाई म्हणाल्या, घरी शुद्ध बोला, वाचन आपोआप येईल. आईने दोन वर्षं माझ्याशी अहिराणी बोलणं बंद केलं. वाचन होतं तिथेच राहिलं, आजीशी बोलताना मात्र अडखळायला लागले. अहिराणीचा काही दोष नव्हता हो. आजी गेली, ते अजून सलतं.

स्वराची_आई:
कळण्याच्या भाकरी टाकता टाकता लिहितेय. मुलाची तपासणी नाशिकला केली. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन. बुद्ध्यांक छान निघाला, मी तिथेच रडले. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळतो. अर्ज शाळेमार्फत जातो, दहावीपर्यंत थांबू नका.

रानवाट:
कळण्याची भाकरी!! सोबत ठेचा का ताई?

स्वराची_आई:
आणि वांग्याचं भरीत. धरणगावला या जेवायला 🙂

निवृत्त_गुरुजी:
पारोळा तालुक्यात 31 वर्षं शिकवलं. एक पोरगा विहिरीवरची मोटार खोलून पुन्हा बसवायचा, पण फळ्यावरचं उतरवता यायचं नाही. 'ढ' म्हणालो त्याला, मारलंही. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी मारायला नको होतं. तो भेटला तर माफी मागायची आहे.

तापीकाठ:
गुरुजी, तुम्ही हे लिहिलंत, डोळे भरून आले.

अमळनेरची_लेक:
भाचीसाठी एक सांगते. मावशीने परातीत ज्वारीचं पीठ पसरून माझ्याकडून बोटाने अक्षरं गिरवून घेतली. 'ध' आणि 'भ'ची डोक्यावरची रेघ तुटलेली, 'घ' आणि 'म'ची सलग. पाचवीपर्यंत हे मला कुणी दाखवलंच नव्हतं! रोज दहाच मिनिटं, चार महिने. ओरडायचं नाही.

रानवाट:
आमच्या धाकट्यालाही करून बघतो. तो 'प' आणि 'ष'मध्ये अडकतो.

तापीकाठ:
ताईने सगळं वाचलं. परात काढलीय, भाची कोपरापर्यंत पिठात. स्वराची आई, नाशिकला किती फेऱ्या झाल्या?

स्वराची_आई:
तीन. सकाळच्या गाडीने जा, पोरीला खाऊ घालून न्या. उपाशीपोटी तपासणी नको.