'दोन्ही विधाने पुरेशी आहेत' म्हणजे एकत्र की वेगवेगळी?

सीताबर्डीकर

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचे सराव प्रश्न मराठीत आणण्याचं काम सुरू आहे आणि ते डेटा सफिशियन्सीपाशी अडलं आहे. प्रकार बहुतेकांना माहीत असेल. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. ते काढायला दिलेली माहिती पुरते की नाही, एवढंच ठरवायचं असतं. एका छापील संचातला प्रश्न देते :

एका पेटीत किती संत्री आहेत?
विधान १ : निम्मी संत्री काढल्यावर पेटीत ४८ उरतात.
विधान २ : पेटीतली सगळी संत्री ८ मुलांना प्रत्येकी १२ याप्रमाणे वाटली, एकही उरलं नाही.

पहिल्यावरून ९६ येतात, दुसऱ्यावरूनही ९६च येतात. म्हणजे कुठलंही एक विधान हाती असलं की झालं. तालिकेत बरोबर पर्याय दिलाय 'दोन्ही विधाने पुरेशी आहेत' आणि त्याच्याच वर आहे 'दोन्ही विधाने एकत्रितपणे पुरेशी आहेत'. ज्यांना गणित पक्कं कळलं होतं अशा मुलांनीही वरच्या पर्यायावर खूण केली. त्यांचं म्हणणं, "दोन्ही पुरेशी म्हणजे दोन्ही मिळूनच ना?" मला त्यांना चूक ठरवता येईना. गुण गेले ते गणितात नाही, आमच्या भाषेत गेले.

इंग्रजीत तिथे 'ईच अलोन', म्हणजे प्रत्येक एकटं, असं असतं. मी 'प्रत्येक विधान एकटे पुरेसे आहे' असं सुचवलं, तर एका जाणत्या सरांनी 'एकटे' खोडलं. विधान कधी एकटं असतं का, एकटा माणूस असतो, असं त्यांचं मत. तुम्ही काय लिहाल?

महालकर

ताई, खोडणाऱ्या सरांशी मी मुळीच सहमत नाही. "एकट्या पगारात भागत नाही", "एकट्या कापसावर घर चालत नाही" हे आपण रोज बोलतो. आमची आजी भंडाऱ्याकडची, ती "एकल्या लाकडानं चूल पेटत नाही" म्हणायची. वस्तूला 'एकटा' लावायला मराठीत कधीच मनाई नव्हती.

माझी हरकत वेगळ्याच शब्दाला आहे. 'पुरेसे' का? 'पर्याप्त' लिहा. प्रश्नपत्रिकेत काटेकोर शब्द हवा.

कोथरूडवासी

'पर्याप्त' हे हिंदीचं वळण आहे. मराठी माणूस "पर्याप्त पाऊस झाला" म्हणत नाही, "पुरेसा पाऊस झाला" म्हणतो. नागपूरकडे हिंदी सतत कानावर पडते म्हणून तो शब्द तुम्हाला घरचा वाटतो.

महालकर

दादा, आमच्याकडे हिंदी कानावर पडते हे खरं, आणि त्याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत सरकारी कामाची परिभाषा घडवण्याचा खटाटोप याच शहरात झाला. कोशकार डॉ. रघुवीर इथेच बसून संस्कृत धातूंवरून शब्द पाडत होते. तेव्हा 'पर्याप्त' आम्ही कुणाकडून उसना घेतलेला नाही. संस्कृत शब्द हिंदीनं वापरला म्हणून तो मराठीतून बाद होतो, हा कुठला न्याय?

आणि केंद्रीय लोकसेवा आयोगानं २०११ पासून सीसॅटचा, म्हणजे नागरी सेवा पूर्वपरीक्षेतला कल चाचणीचा, पेपर आणला, त्याच्या हिंदी अभ्यासक्रमात 'आंकड़ों की पर्याप्तता' असंच छापलेलं असतं. तो पेपर मराठीत नसतो. इथली पोरं कित्येकदा इंग्रजी ओळीचा अर्थ सोबतच्या हिंदी ओळीवरून लावतात. त्यांना 'पर्याप्त' ओळखीचाच आहे.

संस्कृतवाचक

'पर्याप्त' काटेकोर आहे म्हणणाऱ्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायातला दहावा श्लोक पाहावा. दुर्योधन म्हणतो, भीष्मांनी रक्षिलेलं आपलं बळ 'अपर्याप्त' आहे आणि भीमानं रक्षिलेलं त्यांचं 'पर्याप्त'. आता आपलं सैन्य अपुरं आहे असं तो म्हणतोय, की अमर्याद आहे असं? अकरा अक्षौहिणी त्याच्याकडे, सात पांडवांकडे. टीकाकार शतकानुशतकं दोन बाजूंना आहेत. लोकमान्यांनी गीतारहस्यात अपर्याप्त म्हणजे अमर्याद आणि पर्याप्त म्हणजे मर्यादित असा अर्थ घेतला आहे. परि अधिक आप्, सगळीकडून गाठता येण्याजोगं; म्हणून ज्याला चहूबाजूंनी वेढा घालता येतो ते पर्याप्त. ज्या शब्दाचा अर्थ रणांगणावरही एकमतानं ठरला नाही तो चार पर्यायांच्या प्रश्नात कशाला आणायचा?

झाडीपट्टी

मला तर 'पुरेसा' या शब्दाचीच शंका आहे. लहानसा, मोठासा, बरासा यांत 'सा' लागला की अर्थ सैल होतो. लहानसा म्हणजे लहानच्या जवळपास. मग पुरेसा म्हणजे पुरण्याच्या जवळपास? गणितात तर पुरतं किंवा पुरत नाही, मधलं काही नसतं. आमच्या गडचिरोलीकडे सरळ "पुरते" म्हणतात. 'विधान १ पुरते, विधान २ पुरत नाही.' क्रियापद ठेवा, विशेषण काढा.

कोथरूडवासी

तो 'सा' वेगळा आहे. पुरे असा, म्हणजे 'जो पुरेल असा', त्याचं पुरेसा झालं असं मला वाटतं. "वाटेलसा", "होईलसा" यांतलाच हा 'असा'. सैलपणाचा 'सा' विशेषणाला लागतो, इथे आधी क्रियापद आहे.

झाडीपट्टी

"पुरे" हे एकटंही चालतं की. पंगतीत वाढप्याला आपण हात आडवा करून "पुरे" म्हणतो. तिथे ते क्रियापद उरलेलंच नाही. त्याला 'सा' लागायला काय हरकत?

एमपीएससी पोट्टा

मी या परीक्षा देऊन राह्यलो म्हणून सांगतो. पर्याप्त लिहा नाहीतर पुरेसे लिहा, आमचं काही अडत नाही. अडते ते 'फक्त' आणि 'दोन्ही'नं.

'फक्त विधान १ पुरेसे आहे.' याचे दोन अर्थ होतात. एक, विधान १ला दुसऱ्याची गरज नाही. दोन, दोघांपैकी पहिलंच पुरतं, दुसरं पुरत नाही. जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेच्या मूळ पर्यायात पुढे अर्धं वाक्य असते : 'पण विधान २ एकटे पुरेसे नाही.' मराठी संचांत जागा वाचवायले ते अर्धं कापून टाकतात. आता ताईंचाच संत्र्यांचा प्रश्न घ्या. तिथं 'विधान १ एकटे पुरेसे आहे' हेही खरंच आहे ना! ९६ तर एकट्या पहिल्यावरून आले. म्हणजे कापलेल्या वाक्यानं दोन पर्याय बरोबर ठरून राह्यले. पोट्ट्यांनी काय करावं?

दुसरं. 'पुरेसे' म्हणजे उत्तर 'हो' आलं पाहिजे, असं बरेच जण समजतात. प्रश्न समजा असा आहे : क्ष ही संख्या सम आहे का? विधान : क्ष ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या आहे. मग क्ष विषमच असणार. उत्तर 'नाही', पण पक्कं 'नाही'. म्हणून विधान पुरेसं. ठाम नकारही चालतो, डळमळीत होकार चालत नाही. हे सूचनेत मराठीत एक ओळ लिहून दिलं तर लई जणांचे गुण वाचतील.

सीताबर्डीकर

हेच मला हवं होतं, मनापासून आभार. 'पण' पुढचा भाग कापायचा नाही, हे आजच टिपून ठेवलं. 'दोन्ही'चं मात्र अजून राहिलं आहे.

वकिलीण

कायद्याच्या भाषेत हा पेच जुना आहे. दोन जणांकडून पैसे वसूल करायचे तर आदेशात लिहावं लागतं की दोघंही मिळून जबाबदार आहेत आणि प्रत्येक जण पूर्ण रकमेला जबाबदार आहे. त्यासाठी 'संयुक्तपणे व पृथक्‌पणे' असा जोड आहे. तो उचला. 'विधान १ व विधान २ पृथक्‌पणे पुरेशी आहेत.' शंकेला जागाच उरत नाही.

महालकर

मराठी आदेशांत मी 'वैयक्तिक व संयुक्तिकरीत्या' असंच वाचत आलोय. ते बरोबर आहे का?

संस्कृतवाचक

नाही. 'सयुक्तिक' म्हणजे युक्तीला धरून असलेलं, पटणारं. 'संयुक्त' म्हणजे जोडलेलं. 'संयुक्तिक' ही दोहोंची सरमिसळ आहे.

वकिलीण

व्याकरणानं नसेल, पण तो शब्द रूढ आहे आणि त्याचा अर्थ कुणी चुकीचा घेत नाही. हजारो आदेशांत आहे. पक्षकाराला कळतं, वसुली होते. रूढी म्हणतात ती हीच.

संस्कृतवाचक

रूढीचा मान मीही ठेवतो. पण रूढीलाही मूळ शब्द ठाऊक असावा. नाहीतर उद्या 'सयुक्तिक' शब्द आपल्या अर्थाला मुकेल आणि 'हे पटण्याजोगं आहे' एवढं एका शब्दात सांगायची सोय जाईल.

कोथरूडवासी

'पृथक्‌पणे' दहावीच्या मुलाला कळेल का? हा भाग दहावीच्या पातळीचा धरलेला असतो. 'वेगवेगळी' का नको?

एमपीएससी पोट्टा

'दोन्ही विधाने वेगवेगळी पुरेशी आहेत' वाचलं की वाटते, दोघांतून वेगवेगळं उत्तर निघते. तसं तर कधीच होत नाही. दोन्ही विधानं एकाच पेटीबद्दल असतात, ती एकमेकांच्या विरोधात जाऊच शकत नाहीत. एकातून ९६ आणि दुसऱ्यातून ९० आलं तर समजायचं, आपलं कुठंतरी चुकलं.

आणखी एक. विधान २ वाचताना विधान १ डोक्यातून काढावं लागते, हे सगळ्यात कठीण. मी वरचं विधान तळहातानं झाकतो. झाकलं नाही तर पहिल्यातला ४८ दुसऱ्यात घुसते आणि दोन्ही मिळून लागतात असं वाटून जाते.

महालकर

वा भाऊ. मग हा सांगा. तर्री पोह्याची प्लेट २५ रुपये, चहा १२ रुपये. मित्रांचं बिल १११ रुपये झालं. प्लेटा किती? एवढी माहिती पुरते का?

कोथरूडवासी

दोन अज्ञातं, एक समीकरण. पुरत नाही.

एमपीएससी पोट्टा

पुरते. अर्धी प्लेट, पाऊण कप असं बिलात नसते, पूर्ण आकडेच येतात. एक प्लेट धरा, ८६ उरतात, १२नं भाग जात नाही. दोन धरा, ६१, नाही जात. तीन धरा, ३६ उरतात, तीन चहा. चार धरा, ११ उरतात, नाही. एकही प्लेट नसली तर १११, तेही नाही. एकच उत्तर, तीन प्लेटा. 'दोन अज्ञातांना दोन समीकरणं' हा नियम डोळे मिटून लावणारे याच जागी फसतात.

झाडीपट्टी

यावरून आठवलं. 'डेटा'ला काय म्हणणार आहात? कुणी 'विदा' लिहितात, कुणी 'आधारसामग्री'.

महालकर

'विदा' नागपुरात चालणार नाही. इथे विदा म्हणजे निरोप. मुलगी सासरी जाताना विदाई होते.

संस्कृतवाचक

विद् म्हणजे जाणणे, त्यावरून विदा. घडण चांगली आहे. हिंदीत वेगळा अर्थ आहे म्हणून मराठीनं आपला शब्द सोडायचा, हे मघाच्या 'पर्याप्त'वरच्या तुमच्याच युक्तिवादाच्या उलट जातं.

महालकर

उलट जात नाही. तिथे अर्थ एकच होता, इथे दोन आहेत.

वकिलीण

'आकडेवारी' म्हणू नका एवढंच सांगते. बँकेच्या परीक्षांत याच प्रकारात नातेसंबंध येतात, रांगेत कोण कुठे बसलंय ते येतं. 'रमा सीमापेक्षा उंच आहे' यात आकडा कुठे आहे? साधं 'माहिती' लिहावं. 'माहितीची पर्याप्तता' किंवा 'माहिती पुरेशी आहे का' असं शीर्षक द्या.

कोथरूडवासी

'माहिती' म्हणजे इन्फर्मेशन. डेटा आणि इन्फर्मेशन यांत फरक आहे, तो पुसून कसं चालेल?

एमपीएससी पोट्टा

या प्रश्नात तो फरक कुठंच लागत नाही दादा. कागदावर जे दिलंय ती माहिती.

सीताबर्डीकर

मंडळी, शीर्षकाचं नंतर पाहू. पर्याय असा लिहू का : 'दोहोंपैकी कोणतेही एक विधान पुरेसे आहे'?

वकिलीण

'कोणतेही एक' यातही खोच आहे. "दोघांपैकी कोणीही एक यावा" म्हटलं तर दुसऱ्यानं यायचं नाही, असा अर्थ निघू शकतो. मुलगा म्हणेल, इथे दोन्ही पुरतात, मग 'एक' कसं? मी 'पृथक्‌पणे'वर ठाम आहे.

एमपीएससी पोट्टा

माझं मत, लांब झालं तरी चालेल, पूर्ण लिहा : 'विधान १ एकटेही पुरेसे आहे आणि विधान २ एकटेही पुरेसे आहे.' त्या 'ही'मध्ये सगळं आलं. आणि वरचा पर्याय : 'दोन्ही एकत्र घेतली तरच पुरतात, एकटे कोणतेही पुरत नाही.'

संस्कृतवाचक

'एकटेही'तला 'ही' दुहेरी आहे. "एकटाही येईल" म्हणजे दुसऱ्याबरोबर येईलच, शिवाय एकटासुद्धा येईल. अर्थ बरोबर बसतो, पण परीक्षेच्या भाषेत एका प्रत्ययावर इतका भार टाकावा का?

महालकर

मराठीत भार प्रत्ययांवरच असतो. 'तर', 'तरच', 'तरी' यांत एकेका अक्षरानं पर्याय बदलतो. तो भार पेलायची सवय मुलांना लागलीच पाहिजे.

झाडीपट्टी

मला कुणी हे सांगा. 'पुरणे' म्हणजे भागणे आणि 'पुरणे' म्हणजे जमिनीत गाडणे, हा एकच धातू आहे का? खड्डा भरणं आणि गरज भरणं, दोन्ही 'पूर'वरून आले असावेत असं मला वाटतं. पुरणपोळीतलं पुरणही भरलेलंच असतं. आणि मग "पुरेवाट झाली" यातली वाट कुठून आली? आमच्याकडे थकून गेलं की तेच म्हणतात.

कोथरूडवासी

पुरेवाट स्वतंत्र धागा होण्याइतका मोठा विषय आहे. माझ्या मते तो 'पुरे' आणि 'वाटणे' यांचा जोड आहे, रस्त्याशी त्याचा संबंध नाही.

झाडीपट्टी

'वाटणे'चं 'वाट' होताना लिंग कसं ठरलं मग? "पुरेवाट झाली" स्त्रीलिंगी आहे.

संस्कृतवाचक

"वहिवाट"ही स्त्रीलिंगी आहे. आधी तिथून शोधायला हवं.