कॅसलरॉकला गाडी चहासाठी थांबते काय?

कुणीतरी लिहिलंय की कॅसलरॉकसारख्या (कर्नाटक-गोवा सरहद्दीजवळचं, कर्नाटकातलं) एवढ्याशा गावाला एवढं मोठं स्टेशन म्हणजे ब्रिटिशांची हौस. हौस कसली हो! १८८८ मध्ये गोव्यातल्या मुरगावहून मीटरगेज रूळ इथवर आले आणि १९६१ पर्यंत हे सरहद्दीचं ठाणं होतं: अलीकडे ब्रिटिश (१९४७ नंतर भारत), पलीकडे गोव्यात पोर्तुगीज. उतारू, पेट्या, बोचकी, सगळ्याची जकात तपासणी इथंच व्हायची. त्यामुळं वस्तीच्या मानानं स्टेशन थोराड वाटणारच.

आजचा थांबा मात्र घाटासाठी. इथून गोव्यातल्या कुळे स्टेशनापर्यंतच्या सुमारे २६ किलोमीटरमध्ये उतार १:३७, म्हणजे ३७ मीटर चाललं की १ मीटर खाली. म्हणून गाडी घाटात सोडण्याआधी ब्रेक तपासतात. तिकडून चढून येणाऱ्या गाडीला कुळ्याला मागून बँकर (म्हणजे ढकलणारी जादा) इंजिनं जोडतात. नुसत्या पुढच्या इंजिनावर सगळा भार टाकला तर डब्यांच्या जोडण्यांवर (म्हणजे कपलिंगवर) फार ताण येतो, म्हणून मागून ढकल.

आणि 'कॅसलरॉकला उतरून रुळावरून दूधसागर धबधबा गाठा' हा सल्ला कृपा करून देऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे बोगदे. आत वळण असलं तर गाडी दिसते तेव्हा ती जवळ आलेली असते, आणि पावसाळ्यात पाण्याच्या आवाजात हॉर्नही ऐकू येत नाही. धबधबाच बघायचा तर कुळ्याला उतरून वनखात्याच्या वाटेनं जीप, तीही पावसाळ्यात बंद. लोंढ्याकडून जाताना डावी-उजवी बाजू आधीच विचारून खिडकी धरा, तेवढं पुरे.